प्याल्यात मुंगी नव्हती

एस्तेरवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सदर बाजारात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. फोन तिच्या मुलीचा, निशाचा. "काका, आई गेली... अभी, थोड्या वेळापूर्वी. चहा मागितला आणि तो उकळेपर्यंत गेली." मी "बरं, येतो" म्हणालो. न्हाव्याने विचारलं, "सब ठीक, बाबूजी?" मी म्हटलं, "हां भैया, करो," आणि उरलेली दाढी नीट करून घेतली. दफनविधीला खुंट वाढलेले बरे दिसणार नाहीत, हा त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार. माझ्याविषयी पुढे जे सांगायचं आहे त्याची सुरुवात इथूनच झालेली बरी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. आमचं कुटुंब मूळ वर्ध्याकडचं, आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे जबलपूरला आलेलं आणि चेरीताल मोहल्ल्यात रुजलेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रविवारी चर्चमध्ये मराठी मंडळीची, म्हणजे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची, उपासना. आता ती मराठी उपासना महिन्यातून एकदाच होते. तिलाही आम्ही म्हातारेच असतो. तरुण मुलं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात.

दफनाला मोजकी माणसं होती. काही आठवड्यांनी स्मरणसभा झाली तिला मात्र चर्च भरलं. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, ईश्वरी प्रीतीवर बोलले, चांगलंच बोलले. देव आधी प्रेम करतो आणि त्याच्या प्रेमातून आपलं माणसांवरचं प्रेम येतं, वगैरे. मग एक एक जण उठू लागला. "बहन एस्तेर को हमारी मंडली ने कभी अलग नहीं समझा." महिला मंडळाच्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "इतकी नम्र होती! प्रभुभोजनाचा ग्लास तिने कधी हातात घेतला नाही. स्वतःला योग्यच समजायची नाही." मागच्या बाकांवरून सुस्कारे आले. आणि मग सेक्रेटरीने मला बोलायला बोलावताना माझी ओळख करून दिली. मी तिचा दीर, मंडळीचा जुना सेक्रेटरी, आणि प्रभुभोजनाला छोटे ग्लास सुरू करण्याचं पुरोगामी पाऊल "हमारे काकाजी की देन है." लोकांनी टाळ्या वाजवल्या... एस्तेरवहिनीच्या स्मरणसभेत, त्या ग्लासांसाठी.

मी उठलो आणि म्हणालो, "वहिनीला आमच्या घराने लेकीसारखं वागवलं." अजूनही एकदोन वाक्यं म्हणालो, तशीच. नंतर बाहेर मांडवात लोक माझा हात हातात घेऊन भेटत होते. दुसऱ्या हातात समोसा होता. त्याचं तेल बोटांवर उतरत होतं, कोणीतरी म्हणत होतं, "क्या प्रेम था आप लोगों में," आणि मला अशी शिसारी आली की समोसा मी कुंडीत टाकला. ती शिसारी अजून गेलेली नाही. हे लिहितो आहे ते म्हणून.

आमच्या मंडळीला आपल्या प्रेमाचा अभिमान होता. शहराबाहेर मिशनचं एक कुष्ठधाम होतं आणि दर नाताळात आम्ही तरुण मंडळी तिथे गाणी म्हणायला जायचो. घोंगड्या आणि संत्री घेऊन. आम्ही अंगणाच्या या टोकाला उभे राहायचो, ते लोक त्या टोकाला. प्रार्थना व्हायची, वस्तू मधल्या ओट्यावर ठेवल्या जायच्या आणि आम्ही संध्याकाळच्या आत घरी यायचो. येताना बसमध्ये आम्हाला फार भरून आलेलं असायचं. तिथे जाऊन प्रेम करायला काहीच लागत नव्हतं, कारण परत येता येत होतं.

दादाने एका नाताळात ते अंगण ओलांडलं. पलीकडे एक मुलगी आमच्या गाण्यात खालचा सूर धरत होती आणि आमच्यापेक्षा चांगला धरत होती, म्हणून तो बघायला गेला म्हणे. ती एस्तेर. लहानपणी रोग झाला, औषधाने पूर्ण बरा झाला, आणि मग ती तिथल्याच मुलांना शिकवू लागली. रोगाने जाताना तिच्या दोन्ही हातांची बोटं मात्र आत वळवून ठेवली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तिच्यापासून कोणाला काही होणार नाही. दादाने घरी येऊन सांगितलं, "मले तिच्याशी लग्न करायचं आहे." आई म्हणाली, "तुले तिथं गाणं म्हणायला धाडलं होतं का सोयरीक जमवायला?" मी हसलो होतो. दादा हसला नाही.

लग्न झालं. आई आली, फोटोला उभी राहिली. नव्या सुनेने पहिल्यांदा चहा घेतला तो कप आईने नंतर न्हाणीघराच्या कोपऱ्यात, फिनाइलच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवला. वहिनीला तो तिथे दिसला. पुढच्या खेपेला आली ती कापडी पिशवीत आपला स्टीलचा ग्लास घेऊन. रुंद तोंडाचा, जाड काठाचा. म्हणाली, "आई, चहा यात द्या. तुमचं एक भांडं घासायचं वाचलं." आम्ही सगळे मोठ्याने हसलो. सुटका झाल्यावर माणूस हसतो तसे. त्यानंतर ती कोणाच्याही घरी गेली, लग्नाला गेली, महिला मंडळात गेली तरी तो ग्लास पिशवीत असायचा. दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. लोक म्हणायचे, बघा, किती समजूतदार आहे. आपल्या घाणेरडेपणाची सोय दुसऱ्याने करून दिली की आपण त्याला समजूतदार म्हणतो.

आता प्याल्याविषयी. ज्या वाचकांना आमची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रभुभोजनाला भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस देतात. प्रभूने आपल्या माणसांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण. आमच्याकडे तेव्हा एकच मोठा प्याला होता, दोन कानांचा, चांदीचा मुलामा दिलेला. लोक वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, आधी पुरुष, मग बायका, आणि पाळक प्रत्येकाच्या ओठांना प्याला लावत पुढे जायचे. प्रत्येकानंतर पांढऱ्या फडक्याने काठ पुसायचा, प्याला जरा फिरवायचा, पुढे द्यायचा. शेवटी जो रस उरतो तो टाकायचा नसतो. तो पाळकांनी स्वतः पिऊन संपवायचा.

वहिनी नेहमी बायकांच्या रांगेत सर्वांत शेवटी गुडघे टेकायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं. आपल्यानंतर कोणाला प्यावं लागू नये एवढाच तिचा हिशोब. म्हणजे तिच्यानंतर प्यायचं फक्त पाळकांनी. आमचे तेव्हाचे पाळक वयस्कर होते, दम्याने बेजार. सगळे त्यांना पाद्रीबाबा म्हणायचे. प्रवचन रटाळ द्यायचे, मधेच खोकायचे, लोक घड्याळं बघायचे. मी सेक्रेटरी म्हणून वेदीजवळ उभा असायचो, त्यामुळे इतरांनी डोळे मिटलेले असताना मला एक गोष्ट दिसायची. वहिनीनंतर ते काठ पुसत नसत. प्याला फिरवतही नसत. तसाच वेदीपाशी आणून, तिने जिथे ओठ लावले तिथेच लावून पिऊन टाकत. एकदा मी हळूच म्हटलं, "बाबा, फडकं विसरलात." ते म्हणाले, "विसरलो नाही."

प्रेमावर मी आयुष्यात शेकडो प्रवचनं ऐकली असतील. त्यातलं काहीही आठवत नाही. हे दोन शब्द आठवतात.

मग दादा अचानक गेला. निशा तेव्हा शाळेत नुकतीच जाऊ लागली होती. वर्षभरात पाद्रीबाबाही निवृत्त होऊन नागपूरकडे गेले आणि नवे पाळक आले. तरुण, शिकलेले, आवाज गोड. देवाच्या प्रीतीवर असे बोलायचे की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांच्या पहिल्याच प्रभुभोजनाला वहिनी शेवटी बसली होती. तिला प्याला देऊन ते वेदीपाशी आले, क्षणभर आत बघत राहिले, आणि प्याला माझ्या हातात देऊन पुटपुटले, "आप ले लीजिए, मेरा गला खराब है." गळा ठीक होता. नंतर त्यांनी शेवटचं गीत खणखणीत गायलं.

मी प्याला घेतला. तोंडापर्यंत नेला. काठावर एक ओलसर डाग होता... आणि मी प्याला खाली घेतला. ती माझी वहिनी होती. माझ्या दादाची बायको, जिच्या हातची भाजी दादा मिटक्या मारत खायचा. डॉक्टरांचं म्हणणं मला पाठ होतं. मी प्याला घेऊन मागच्या खोलीत गेलो, जिथे पाळकांचे झगे टांगलेले असत, आणि कोपऱ्यातल्या मोरीत तो रस ओतला. वरून पाणी टाकलं. वळलो तर दारात वहिनी उभी होती. भाकरीवर झाकलेलं फडकं धुवायला न्यायला आली होती. ती फडकं घेऊन गेली.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच-मंडळाच्या पुढच्या बैठकीत छोट्या ग्लासांचा ठराव मी मांडला. आरोग्य, आधुनिक काळ, सगळं बोललो. क्षयाचं नाव घेतलं, सर्दीखोकल्याचं घेतलं, हिरड्यांच्या रोगाचंही घेतलं. एका रोगाचं नाव घेतलं नाही. एका म्हाताऱ्या पंचांनी विचारलं, "अच्छा, म्हणजे एस्तेरबाईसाठी करून राहिलो का आपण हे?" मी म्हटलं, "नाही जी, सगळ्यांसाठी." नवे पाळक टेबलाकडे बघत होते. ठराव एकमताने झाला. बाहेर पडताना त्या पंचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं केलं भाऊ. आमच्या घरात पण बायका बोलून राहिल्या होत्या." एका बाईच्या ओठांना घाबरून प्रभूचा प्याला कपाटात टाकला आणि त्याला आम्ही सुधारणा म्हटलं.

ग्लास आले. अंगठ्याएवढे, काचेचे, भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये खोचलेले. पहिल्या रविवारी ट्रे वहिनीसमोर आला तेव्हा जे झालं त्याचा विचार आमच्यातल्या एकानेही केला नव्हता. मोठा प्याला ती तळव्यांत धरू शकत होती. हा इवलासा ग्लास भोकातून वर ओढायला बोटं सरळ लागतात. तिने एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. ग्लास आडवा झाला, रस पांढऱ्या साडीवर सांडला. ट्रे मीच धरला होता. माझे दोन्ही हात त्यात अडकले होते असं मी स्वतःला नंतर सांगितलं. शेजारची बाई सरकून बसली. वहिनी हळूच म्हणाली, "जाऊ द्या भाऊजी, पुढं न्या." मी पुढे नेला.

त्या दिवसापासून तिने कधी ग्लास घेतला नाही. भाकर घ्यायची आणि ट्रे आला की मान खाली घालायची. निशा मोठी झाल्यावर धरायला पुढे झाली तर "राहू दे" म्हणाली. पुढे निशानेच चर्चला यायचं सोडलं. मंडळीने मात्र काय अर्थ काढला ते सुरुवातीला सांगितलंच. नम्रता! ती नम्र वगैरे नव्हती. तिची जीभ चांगली तिखट होती. तिला तो ग्लास उचलता येत नव्हता, एवढंच. आणि तो उचलून तिच्या ओठांना लावायला भरलेल्या चर्चमध्ये एक माणूस उठला नाही. सर्वांत जवळ मी होतो.

तिने आम्हाला काय दिलं तेही नोंदवलं पाहिजे. माझी बायको विमल अर्धांगाने अंथरुणाला खिळली तेव्हा वहिनी रोज यायची, पिशवीत ग्लास घेऊन. विमल तिच्यापासून कायम हातभर लांब राहिलेली. एका दुपारी विमलला ठसका लागला. मी भांडं शोधायला स्वयंपाकघरात धावलो. परत आलो तर वहिनीने आपलाच ग्लास तिच्या तोंडाला लावला होता आणि विमल घटाघटा पीत होती. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तोंड काहून असं केलं? जिवंत आहे ती." विमल त्या जड जिभेने हसली. त्यानंतर शेवटपर्यंत विमल खुणेने त्याच ग्लासातून पाणी मागायची, दुसरं भांडं पुढे केलं की मान फिरवायची. विमलला जमलं. बोलता येईनासं झाल्यावर का होईना, जमलं. मी मात्र तो ग्लास मोरीत ठेवायला चिमटीत धरून नेत असे.

आमची शेवटची भेट तिच्या घरी झाली, ती जायच्या थोडेच दिवस आधी. खाटेवर उशांना टेकून बसली होती, दम लागत होता, तरी निशाला ओरडून मला चहा द्यायला लावला. कपात. स्वतःचा तिच्या ग्लासात. इकडचं तिकडचं बोलणं झालं, ओमतीच्या बाजारात भाज्या किती महागल्या, मंडळीत कोण मराठी बोलतं आता. मग तिने एकदम विचारलं, "भाऊजी, एक विचारू? त्या दिवशी ते मोरीत काहून ओतलं?"

इतकी वर्षं. एकदाही तिने विषय काढला नव्हता. ती रागावून विचारत नव्हती. खरंच जाणून घ्यायचं असावं, किंवा मला बोलायची जागा करून देत असावी. आता तसं वाटतं. मी चहाच्या कपात बघितलं आणि म्हणालो, "मुंगी पडली होती, वहिनी."

ती हसायला लागली. खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. "मुंगी! अगं बाई... एवढी वर्षं मी म्हणून राहिली होती, भाऊजी काय सांगतील? घसा सांगतील, मळमळत होतं सांगतील. आणि हे म्हणतात मुंगी!" निशा धावत आली. "काय झालं, आई?" "काही नाही गं. तुझे काका... लय भारी आहेत." मग श्वास लागला तशी ती मागे टेकली, आणि माझ्या गुडघ्यावर आपला वळलेला हात ठेवून म्हणाली, "बरं. मुंगी तर मुंगी. वर कोणी विचारलं तर मी पण तेच सांगीन. आपल्या घरची गोष्ट आहे."

मी कपातला चहा संपवून उठलो.

देवाच्या प्रेमाची व्याख्या मला विचाराल तर माझ्याजवळ नाही. सभेत ती सगळ्यांजवळ होती. मला एवढंच माहीत आहे की मरणाच्या दारात एक बाई माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन वर जायला निघाली होती, आणि मी ते तिला नेऊ दिलं. तर मंडळीतल्या ज्या कोणाच्या हाती हे पडेल त्यांनी वाचावं. छोटे ग्लास आरोग्यासाठी आले नव्हते. एस्तेरबाई नम्रतेने प्याल्यावाचून राहिली नव्हती. आमच्या घराने तिला लेकीसारखं वागवलं नाही. आणि वहिनी, प्याल्यात मुंगी नव्हती.

स्मरणसभेनंतर निशा घरी आली होती. पिशवीतून तिने तो स्टीलचा ग्लास काढून टेबलावर ठेवला. "आईने आपको देने को कहा था. म्हणाली, भाऊजींना दे, आणि सांग की स्वच्छ घासला आहे, मुंगी नाही त्यात." मग म्हणाली, "काका, इसका मतलब क्या है?" मी म्हटलं, सांगीन कधीतरी. निशा मराठी सावकाश वाचते, पण वाचते.

ग्लास आता माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर असतो. काठ जाडच आहे, तळाशी दोन पोचे आहेत, दोन्ही तळव्यांत धरला तर नीट बसतो. रोज सकाळी मी त्यात पाणी भरतो आणि ठरवतो की आज तसाच उचलून प्यायचा. ग्लास उचलतो... आणि पिण्याआधी माझा अंगठा आपोआप काठावरून फिरतो, पुसत.

आज सकाळीही फिरला.